दहाव्या कथेतली वाइन

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात आमच्या वाचनमंडळात एक परदेशी कादंबरी चालू होती. मराठी अनुवाद, पानं तीनशे अठ्ठावीस. मला मोजायची सवय आहे. माझी नोकरी भूजलाची. ठरलेल्या निरीक्षण विहिरींवर जायचं, मोजपट्टी आत सोडायची, पाणी किती खोल गेलंय तो आकडा लिहायचा आणि पुढच्या विहिरीला निघायचं. त्या वर्षी पुष्कळ विहिरींपुढे आकड्याऐवजी ‘कोरडी’ एवढंच लिहावं लागत होतं. मोजायची हौस भागेना, म्हणून मी त्या कादंबरीतली वाइन मोजली. लोक एकेचाळीस ठिकाणी वाइन पितात. पाणी सहा ठिकाणी पितात, आणि त्यातल्या दोन ठिकाणी पिणारा घोडा आहे.

हे मी मंडळात सांगितलं तेव्हा आतून बायको म्हणाली, “त्यांच्याकडं टँकर येत नसंल.”

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. रविवारी दुपारी चारला आमच्या घरी जमायचो. एक निवृत्त ग्रंथपाल बाई होत्या. पुस्तकं त्यांच्या कपाटातली, आणि घरी नेताना त्यांच्या वहीत सही करावी लागे, मग तुम्ही कोणी का असेना. दुसरे उदगीरचे धान्याचे अडते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांची लेक लातूरला दिलेली, दर रविवारी ते तिला भेटायला येत आणि जेवण झालं की आमच्याकडे. तिसरे उर्दू शाळेतले मास्तर, शेरोशायरीत बुडालेले. चौथा मी. त्या उन्हाळ्यात एक नियम आपोआप पडला होता. येताना पाणी आपापलं आणायचं. टीपॉयवर चार बाटल्या रांगेत, आणि आपली सोडून दुसऱ्याच्या बाटलीला कोणी हात लावत नसे. चहा मात्र आमचा, अर्धा कप.

आप्पांना कादंबरीपेक्षा उदगीर जिल्हा कधी होतो यात जास्त रस होता. लातूर एकदा वेगळं झालं, आता आमचा नंबर, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या भागातल्या विहिरींची यादी वेगळी काढून ठेवलीय हे कळल्यापासून ते दर रविवारी विचारत.

“साहेब, जिल्हा झाला तर किती विहिरी आमच्या वाट्याला?”

“माझ्याकडच्या तेवीस.”

“त्यातल्या वल्या किती?”

“चार.”

“मग ऱ्हाऊ द्या. पाऊस पडल्यावर करा म्हणावं.”

आता माझं सांगतो. मी लिहीत असे. नांदेडला कॉलेजात होतो तेव्हापासून लिहीत होतो. शेहेचाळिसावं वर्ष लागेपर्यंत नऊ कथा वेगवेगळ्या अंकांना पाठवल्या आणि नऊच्या नऊ परत आल्या. परतीच्या चिठ्ठ्यांची फाइल आहे, क्रमांक टाकून. दहावी परत आली की थांबायचं, असं मी ठरवलं होतं आणि बायकोला सांगितलंही होतं. ती म्हणाली, “बारा करा की, डझन होईल.” पण मी दहावरच पक्का होतो.

दहावी कथा नांदेडच्या एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादक माझ्या कॉलेजच्या दिवसांपासूनचे ओळखीचे, वयाने मोठे, बोलायला तिखट. कथा अशी: एक इंजिनिअर निवृत्त होतो. त्याच दिवशी, मुलाने परदेशातून पाठवलेली वाइनची बाटली तो एकटा बसून उघडतो आणि आपल्या नोकरीचा हिशेब लावतो. एप्रिल संपता संपता संपादकांचा फोन आला.

“कथा वाचली. इंजिनिअर बरा हाय. पण ही ‘मखमली चव’ कुठून आणली?”

“म्हणजे?”

“मखमल चाटलीय का कधी?”

“नाही.”

“वाइन?”

“नाही. तुम्ही?”

“मी पण न्हाई. पण तुम्ही घेतलेली न्हाई हे मला कळून राहिलं ना! मग वाचणाऱ्याला कळणार न्हाई का? ते दीड पान नीट करा. जूनच्या पंधराला मी अंक बंद करतो. जमलं तर घेतो, न्हाईतर परत.”

मी एकेचाळीस उतारे पुन्हा काढून बघितले. ‘मखमली’ चार वेळा, ‘गर्द’ सात वेळा, ‘जिभेवर रेंगाळणारी’ तीन वेळा. म्हणजे दीड पान मी लिहिलं नव्हतं, उचललं होतं. अनुवादकाने बिचाऱ्याने मुळातून उचललेलं, मी त्याच्यावरून. माझ्या खात्यात याला शेजारच्या विहिरीचा आकडा आपल्या विहिरीपुढे लिहिणं म्हणतात. ते मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

उपाय सोपा होता. एक घोट घ्यायचा आणि लिहायचं. अडचण अशी की आम्ही बौद्ध. वडिलांच्या पिढीत धम्म घेतला तेव्हापासून घरात दारूचा थेंब आलेला नाही. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. शीलं बरेच जण म्हणतात, आणि म्हणून झाल्यावर बरेच जण बरंच काही करतात. पण आमच्या वसाहतीच्या विहारात पौर्णिमेला वंदना घेतो मी. मी ओळ पुढे म्हणायची आणि सगळ्यांनी मागून. उच्चार स्वच्छ आणि ओळ चुकत नाही म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं. पुढे म्हणणाऱ्यालाच सूट कशी मिळणार?

हा पेच मी मंडळापुढे ठेवला. म्हटलं, आपल्यापैकी कोणी घेतली असेल तर मोकळेपणाने सांगा, मी लिहून घेतो. बाई शाकाहारी, व्रताच्या, कांद्याचाही विचार करणाऱ्या. आप्पा लिंगायत, गळ्यात लिंग. राहिले मास्तर. सगळ्यांची आशा मास्तरांवर. गेली सहा वर्षं ते आम्हाला दारूवरचे शेर ऐकवत होते. प्याला, सुरई, साकी, सकाळची उतरलेली नशा, सगळं त्यांच्या तोंडात.

मास्तर म्हणाले, “तौबा! मैं क्यूँ पियूँ?”

“मग एवढे शेर?”

“वो तो पढ़े हुए हैं.”

“पण ते लिहिणारे तरी पीत असतील.”

“कुछ पीते थे. जे पीत होते त्यांचं लिहायचं ऱ्हाऊनच गेलं असणार. लिखनेवाले को सुबह उठना पड़ता, साहेब.”

म्हणजे चार माणसं, सहा वर्षं, वाइनची शेकडो पानं वाचून झालेली, आणि घोट शून्य. बाई म्हणाल्या, “मग आपण चव सोडून बाकी सगळं बघू शकतो. रंग बघू. वास घेऊ. वास घेतल्याने कुणाचं काही मोडत नाही.” मला हे एकदम पटलं. विहिरीत उतरायचं नाही, वरून मोजायचं. हेच तर माझं काम.

बाटली मी नांदेडहून आणली. लातूरला ओळखी फार. नांदेडला आईला भेटायला गेलो होतो, तेव्हा दुपारी दोनच्या उन्हात, डोक्याला उपरणं गुंडाळून, स्टेशनकडच्या एका वाइन शॉपमध्ये शिरलो.

“बोला काका, क्वॉर्टर का खंबा?”

“वाइन पाहिजे.”

“हे समदं वाइनच हाय की.”

“द्राक्षाची.”

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “पेशंट हाय का घरात कुणी?”

मग स्टुलावर चढला आणि सगळ्यात वरच्या फळीवरून, जुन्या कॅलेंडरच्या मागून एक बाटली काढून फडक्याने पुसली. म्हणाला, “लई दिवस झाले, कुणी नेतच न्हाई. घेऊन जा, आमची जागा तरी मोकळी होईल.” मी परवाना मागितला. इतक्या वर्षांत परवाना मागणारं पहिलं गिऱ्हाईक, असं तो म्हणाला आणि खणातून शोधून एक दिवसाचा परवाना फाडून दिला. त्यावर छापलं होतं की धारकाला हे आरोग्यासाठी लागतं. खोट्यावर सही कशी करायची? मी ‘आरोग्यासाठी’च्या पुढे कंस करून ‘साहित्यासाठी’ लिहिलं आणि सही केली. त्याने ते वाचून आतल्या माणसाला दाखवलं. दोघं बराच वेळ हसत होते.

बाटली पिशवीत, वर आईने दिलेले आंबे. एसटीत जागा मिळाली ती इंजिनाजवळची. लातूर येईपर्यंत आंबे पिकायला लागले होते.

घरी बाटली ठेवली मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, हिवाळी पांघरुणांखाली. ही खोली पत्र्याची, पश्चिमेकडची. रविवार चार दिवसांवर होता. पण त्या रविवारी आप्पा आलेच नाहीत. उदगीरला नव्या जिल्ह्यासाठी मोर्चा होता आणि अडतबाजार बंद ठेवून सगळे त्यात गेले होते. आप्पांशिवाय बाटली उघडायची नाही असं ठरलं, कारण चारातला एक निरीक्षक कमी म्हणजे पंचवीस टक्के नोंद गेली. अशी बाटली अकरा दिवस कपाटात राहिली. परवाना एका दिवसाचा होता हे मला रोज सकाळी आठवत असे. मधेच बुद्धपौर्णिमा आली. विहारात मी वंदना घेतली. पाचव्या शीलाला आवाज स्थिर ठेवला, पण पांघरुणांखालची ती बाटली डोळ्यांपुढे होती. बाहेर पारा त्रेचाळीसवर.

पुढच्या रविवारी चारला सगळे हजर. टीपॉयवर पाण्याच्या चार बाटल्या आणि मधे ही पाचवी. मी प्रपत्र तयार केलं होतं: रंग, पारदर्शकता, वास, वासाचं साम्य, शेरा. बुचाची अडचण निघाली. ते उघडायचं मळसूत्र लातुरात कोणाच्या घरी असणार? आप्पांनी पिशवीतून लोखंडी नळी काढली. पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढतात ती, एका टोकाला अणकुचीदार. रविवारीसुद्धा ती त्यांच्याजवळ असे. त्यांनी ती बुचात खुपसली, फिरवली, बाहेर ओढली. नळीत बुचाचा चुरा आला. तळहातावर घेऊन त्यांनी तो सवयीने बघितला.

“माल हलका हाय,” म्हणाले, आणि पुन्हा दाबली. उरलेलं बूच आत पडलं.

काचेच्या पेल्यात मी दोन बोटं ओतली. लाल म्हणावं तर विटकरी. पेला फिरला.

आप्पांनी नाक घातलं आणि झटकन मागे घेतलं. “पेवात पाणी शिरल्यावर ज्वारीला येतो ना, तसा. आंबूस. लहानपणी पेव उघडलं की पोरं लांब पळायचे.”

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. मी लिहिलं: ‘पेव, भिजलेली ज्वारी.’

बाईंनी डोळे मिटून वास घेतला. “बाइंडिंगची खळ. दोन दिवस राहिलेली.”

मास्तरांनी पेला तोंडापुढे धरला मात्र, आणि त्यांचा चेहरा पडला. “ये तो सिरका है, साहेब.”

“वासाचं साम्य सिरका?”

“साम्य नाही. सिरकाच आहे. हमारे घर में अचार में डालते.”

मी साम्याच्या रकान्यात ‘सिरका’ लिहिलं.  मास्तर हळूच म्हणाले, “इसके लिए लोगों ने शेरों के दीवान लिखे?”

बायकोला मी बाहेर बोलावलं. तिने लांबूनच हात नाकाला लावला. “लोणचं बिघडलंय हे. फेका.”

नोंदी चार, चारही एकाच दिशेच्या. विहिरींच्या कामात चार आकडे इतके जुळले की मी निर्धास्त होतो. शेरा लिहिला: ‘वास आंबूस, धान्याचा. मखमलीशी संबंध आढळत नाही.’

राहिली चव. औषधाचा चमचा मी आणून ठेवलेला होताच. मी सांगितलं, चमचा पाच मिलिलिटरचा. बाटलीवर अल्कोहोल साडेबारा टक्के. म्हणजे शून्य पूर्णांक सहाशे पंचवीस सहस्रांश मिलिलिटर. आपल्या घरातल्या खोकल्याच्या औषधात याहून जास्त असू शकतं. असं बोलत मी चमचा भरला.  मी चमचा उचलला. मला ती कथा छापून यायला हवी होती, हे आता लपवून काय करायचं? फाइलीत दहावी चिठ्ठी लावायची नव्हती मला.

आप्पा म्हणाले, “साहेब, आमच्याकडं मापात एक दाणा मारला तरी त्याला मारलंच म्हणतात.”

बायको म्हणाली, “घ्या घ्यायचं तर. पुढच्या पौर्णिमेला पाचव्या ओळीला तुमचा आवाज अडंल, आणि मागून म्हणणारी सत्तर माणसं माझ्याकडं बघतील. मला म्हणू नका मग.”

सत्तर हा आकडा बरोबर होता. मी मनात मोजून बघितला.

मास्तर म्हणाले, “मत चखो. चखे तो फिर लिखेंगे क्या?”

मी चमचा पेल्यात ओतला. दोन थेंब प्रपत्रावर पडले. ते डाग अजून आहेत.

उरलेल्या बाटलीचं काय करायचं यावर चर्चा झाली. पाण्याचा थेंब थेंब वाचवणाऱ्या गावात पाऊण लिटर पातळ पदार्थ मोरीत ओतायला कोणाचा हात धजेना. शेवटी बायकोने ती घेतली आणि तांब्याचा हंडा घासला. दोन महिने पाण्याअभावी काळा पडलेला हंडा आरशासारखा झाला. ती खूश झाली. म्हणाली, “पुन्हा कथा लिहिली तर अजून एक आणा.”

दीड पान मी एका सकाळी लिहिलं. माझ्या कथेतल्या इंजिनिअरने बाटली उघडली, वास घेतला आणि त्याला लहानपणी भिजलेलं पेव आठवलं. आजोबा आत उतरलेले, वर टोपल्यांतून येणारी काळी ज्वारी, आईचा चेहरा. तो बाटलीकडे बघत बसतो आणि पीत नाही. पिण्याची सगळी वाक्यं मी काढली. जूनच्या बाराला पोस्टात टाकलं.

सतराला संपादकांचा फोन. “घेतली! आता कसं, पटतंय. पेवाचा वास मला माहीत हाय. कंधारला आमचं पेव होतं. मी वाचून राहिलो अन् नाकात वास येऊन राहिला!”

अंक दिवाळीत आला. कथा पान एकशे बारा ते एकशे वीस. मी एक अंक मंडळाला दिला, तो बाईंच्या कपाटात गेला. मास्तरांनी ते पान उभं राहून वाचलं. आप्पांनी उदगीरच्या अडतबाजारात अंक फिरवला, तो परत आला तेव्हा त्याला मिरचीचा वास होता. नऊ चिठ्ठ्यांची फाइल मी बांधून वर ठेवली.

डिसेंबरात संपादकांनी एक पत्र माझ्याकडे पाठवलं. नांदेडच्या एका वाचकाचं. रेल्वेतून निवृत्त झालेले, नोकरीची बरीच वर्षं नाशिककडे काढलेली, जेवताना एक पेला वाइन घेणारे गृहस्थ. त्यांनी कथा आवडल्याचं लिहिलं होतं आणि खाली विचारलं होतं: ‘लेखकाने जिचा वास घेतला ती बाटली कुठे ठेवली होती? कारण आपण वर्णन केलेला वास वाइनचा नाही, वाइन नासल्याचा आहे. उन्हाळ्यात उष्ण जागी ठेवली तर ती आंबते. चांगल्या वाइनचा वास फळाचा असतो, आणि चव, इतर शब्द सुचत नाही म्हणून लिहितो, मखमली.’

मी ते पत्र तीनदा वाचलं. पत्र्याची खोली, अकरा दिवस, त्रेचाळीस अंश, त्याआधी इंजिनाजवळची सीट, त्याच्याही आधी दुकानाच्या वरच्या फळीवर कोण जाणे किती उन्हाळे. मास्तरांनी सिरका म्हटलं होतं. बायकोने बिघडलंय म्हटलं होतं. हंडा लखलखला होता. चौघांनी मला खरं सांगितलं होतं आणि ते मी ‘साम्य’ या रकान्यात भरलं होतं.

बायको पत्र वाचून म्हणाली, “मग तो चमचा घेतला असता तर शील मोडलंच नसतं की. सिरका होता तो.” पण हे बरोबर नाही. नासलेल्या वाइनमध्येही काही अल्कोहोल शिल्लक असतं. मी तिला तसं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांना शुद्धिपत्र पाठवलं, सहा ओळींचं: ‘अमुक पानावरील वासाचं वर्णन नासलेल्या नमुन्यावर आधारित असून वाचकांनी ते ग्राह्य धरू नये.’ त्यांचा फोन लगेच आला.

“छापणार न्हाई.”

“पण चुकीचं आहे ते.”

“दिवाळी अंक वर्षातून एकदा निघतो. पुढच्या दिवाळीला हे छापलं तर लोक म्हणतील, हा माणूस वर्षभर काय पीत होता? अन् ऐका. ‘मखमली’ खरं होतं तेव्हा मला ते खोटं वाटलं. पेवाचा वास खोटा, तो खरा वाटला. आता तुम्हीच सांगा, मी कशाचं शुद्धिपत्र काढू?”

मी फोन ठेवला. 

पण एखादी चुकीची नोंद माझ्या सहीने कुठे पडून आहे ही गोष्ट मला झोपू देत नाही. म्हणून पुढच्या रविवारी मी बाईंच्या कपाटातली मंडळाची प्रत वहीत सही करून घरी नेली, आणि पान एकशे अठराच्या समासात बारीक अक्षरात, शिसपेन्सिलीने लिहिलं: ‘बाटली नासलेली होती. नमुना पुन्हा घ्यावा.’ खाली तारीख टाकली. त्याच्या पुढच्या रविवारी प्रत परत दिली.

बाईंनी नेहमीप्रमाणे पानं चाळली. एकशे अठरावर थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“हे कोणी लिहिलं?”

“मी. पण बाई, कथा माझीच आहे.”

“कथा तुमची असेल. अंक मंडळाचा आहे. मंडळाच्या पुस्तकात लिहायचं नसतं, हे मी तुम्हाला सांगायचं?”

त्यांनी पर्समधून खोडरबर काढलं, पान सपाट केलं आणि सगळ्यांसमोर माझी दुरुस्ती खोडून टाकली. नीट, एकही अक्षर न ठेवता. मग फुंकर मारून चुरा उडवला, अंक मिटला आणि बाजारात पुन्हा न्यायला आप्पांच्या नावावर वहीत चढवला.